ई-मेल सर्व्हरचे स्थलांतर

ई-मेल सर्व्हरचे स्थलांतर : कार्यालयाची ई-मेल स्वीकारणारा, साठविणारा व पुढे पाठविणारा संगणक बदलून त्याचे काम दुसऱ्या यंत्रावर नेण्याची क्रिया. यंत्र बदलले तरी पत्ता बदलू नये, वाटेतले पत्र हरवू नये आणि साठविलेला पत्रव्यवहार पूर्वीच्याच स्थितीत वाचता यावा, अशा तीन अपेक्षा या क्रियेत असतात. यांपैकी पहिली अपेक्षा आज गृहीत धरली जाते. ई-मेलच्या इतिहासात मात्र ती तत्त्वतः साध्य होण्यास सु. पंधरा वर्षे लागली आणि भारतातील सर्वसामान्य ग्राहकाच्या वाट्याला ती त्यानंतरही बऱ्याच उशिरा आली. मुंबईच्या परिसरातील ज्या व्यापारी गावांनी आपला पत्रव्यवहार १९९५ नंतर संगणकावर नेला, त्यांत भिवंडीचा समावेश होतो. अशा गावांच्या दृष्टीने हा इतिहास केवळ तांत्रिक नाही.

ठाणे जिल्ह्यातील कामवारी नदीकाठचे भिवंडी हे शहर मुंबई–आग्रा रस्त्यावर वसले असून हातमाग व पुढे यंत्रमाग यांवर त्याची भरभराट झाली. यंत्रमागाला लागणारे सूत बहुतांशी बाहेरून येते आणि विणलेले कोरे कापड रंगाई-छपाईसाठी पुन्हा बाहेर जाते. म्हणजे मालाच्या प्रत्येक फेरीला दोन्ही टोकांचा पत्रव्यवहार जोडलेला असतो. भाव, वजन, धाग्याचा क्रमांक, हुंडीची मुदत व वाहतूकदाराची पावती हे त्या पत्रव्यवहाराचे विषय होत. मुंबईतील जकात टाळून शहराच्या उंबरठ्यावर माल साठविण्याची सोय म्हणून पूर्णा, राहनाळ, वळ, काल्हेर, दापोडे, मानकोली या भिवंडी तालुक्यातील गावांत गोदामे उभी राहिली आणि यंत्रमागाच्या पेढ्यांबरोबर गोदामांची कार्यालयेही आली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन मुंबईची जकात संपली, तरी गोदामे राहिली.

टपालखात्याच्या पत्त्याची रचना येथे लक्षात घेणे उपयुक्त ठरेल. १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात पिनकोड सुरू झाला. ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर (१९१५–९९) हे टपालसेवेतील मराठी अधिकारी संस्कृत कवी म्हणूनही ख्यातनाम आहेत. भिवंडीचा ४२१३०२ हा क्रमांक घेतला, तर त्यातील पहिला अंक विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गीकरण जिल्हा व शेवटचे तीन अंक वाटप करणारे टपाल कार्यालय दर्शवितात. हा क्रमांक कार्यालयाच्या कार्याचा आहे, त्याच्या इमारतीचा नाही. टपाल कार्यालय एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेले, पोस्टमास्तर बदलले किंवा टपालगाडीऐवजी रेल्वे आली, तरी पत्र लिहिणाऱ्यास त्याची दखल घ्यावी लागत नाही. आरंभीच्या ई-मेलमध्ये नेमका हाच विवेक नव्हता.

अमेरिकेतील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या संस्थेतील रे टॉमलिन्सन (१९४१–२०१६) यांनी १९७१ च्या अखेरीस अर्पानेट या जालावर एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर संदेश पाठविला व पत्त्यात व्यक्तीचे नाव आणि यंत्राचे नाव यांमध्ये ‘ॲट’ हे चिन्ह घातले. त्या चिन्हानंतर येणारे नाव खरोखरच एका विशिष्ट यंत्राचे होते. यंत्र मोडीत निघाले की पत्ताही निघे. टेलिफोनच्या तारांवरून युनिक्स संगणकांमध्ये टपाल वाहणाऱ्या यूयूसीपी या पद्धतीत तर पत्त्यात वाटेतील प्रत्येक यंत्राचे नाव उद्गारचिन्हांनी जोडून लिहावे लागे. भिवंडीच्या माणसाला पत्र पाठविताना पाकिटावर कल्याणच्या वर्गीकरण कचेरीतील टेबलाचे नाव लिहावे, तसा हा प्रकार होता. मधले एक यंत्र बदलले की त्यामागील साऱ्यांचे पत्ते निरुपयोगी ठरत.

यातून सुटका तीन टप्प्यांत झाली. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल (१९४३–९८) यांनी एसएमटीपी हा टपाल देवघेवीचा सर्वमान्य नियमसंच प्रसिद्ध केला. नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नाव प्रणालीची रचना मांडली. जानेवारी १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी त्या प्रणालीतील ‘एमएक्स’ नावाच्या नोंदीचा उपयोग कसा करावा, हे ठरवून दिले. अमुक नावाची टपाल अमुक यंत्राने स्वीकारावी, ते बंद असल्यास तमुक यंत्राने, एवढेच ही नोंद सांगते. पत्त्यातील नाव पेढीचे व यंत्राची निवड पेढीच्या मर्जीची, अशी विभागणी तिच्यामुळे झाली. सर्व्हरचे स्थलांतर ही स्वतंत्र व सुरक्षित क्रिया शक्य झाली ती या नोंदीमुळे होय. तिच्या तुलनेने ‘ॲट’ या चिन्हाची ख्याती अंमळ जास्तच झाली, असे म्हणावे लागते.

भारतात ई-मेलचा आरंभ एर्नेट या शैक्षणिक जालापासून झाला. केंद्र शासनाचा इलेक्ट्रॉनिकी विभाग व संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या साहाय्याने १९८६-८७ मध्ये ते टेलिफोनद्वारे चालू झाले. त्यात मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्र (एनसीएसटी), बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी व स्वतः इलेक्ट्रॉनिकी विभाग हे सहभागी होते. प्रारंभी यूयूसीपी टपाल हीच त्याची एकमेव सेवा होती. जुहू येथील एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रमाणी यांचा या कार्यात प्रमुख वाटा होता. दिल्ली–मुंबई ही पहिली भाडेपट्ट्याची तार जानेवारी १९९१ मध्ये सेकंदाला ९.६ किलोबिट या वेगाने सुरू झाली व १९९२ मध्ये मुंबईहून अमेरिकेतील यूयूनेटपर्यंत ६४ किलोबिटांचा दुवा जोडला गेला. एनसीएसटीच्या यंत्रांना ‘शक्ती’, ‘साथी’ अशी नावे होती आणि संशोधकांच्या पत्त्यांत ती यंत्रांची नावेच येत. संशोधकांचे वर्तुळ लहान असल्यामुळे पत्ता बदलल्याचे परस्परांस कळविणे त्यांना जड गेले नाही. व्यापाऱ्यांची गोष्ट वेगळी होती.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने (व्हीएसएनएल) मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून जनतेसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. पिनकोडच्या आरंभाशी तारीख जुळते, हा योगायोग; पत्त्याविषयीची दृष्टी मात्र उलट होती. मुंबईच्या ग्राहकाच्या पत्त्यात ‘ॲट’ चिन्हानंतर ‘जीआयएएसबीएम०१.व्हीएसएनएल.नेट.इन’ असे नाव येई. त्यातील पहिली चार अक्षरे सेवेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे, पुढील दोन मुंबईची आणि अखेरचा अंक यंत्राचा, हे उघड आहे. ग्राहक वाढले तशी नवी यंत्रे आली व त्यांच्यावरील ग्राहकांना ‘बॉम२’, ‘बॉम३’ अशा वेगळ्या नावांचे पत्ते मिळाले. एमएक्स नोंदीची सोय नऊ वर्षांपूर्वी झालेली असताना यंत्राचे नाव ग्राहकाच्या पत्त्यात घालणे आवश्यक नव्हते. तसे करण्यात चालकांची सोय होती, कारण नव्या यंत्रावर ग्राहकाने घेतलेले नाव जुन्या यंत्रावर आधीच कोणी घेतले आहे काय, हे त्यांना पाहावे लागत नसे. पुढे ‘व्हीएसएनएल.कॉम’ असे सामाईक नावही प्रचारात आले; परंतु तोवर पावतीपुस्तके, पत्रशीर्षे, दुकानाच्या पाट्या व निर्यातदारांच्या सूच्या यांवर जुने पत्ते छापून झाले होते. कंपनीचे नाव टाटा कम्युनिकेशन्स झाले, त्या २००८ सालानंतरही अनेक बोर्डांवर व्हीएसएनएलचे पत्ते दिसत राहिले. या अनुभवातून व्यापाऱ्यांनी घेतलेला धडा साधा होता : पत्ता स्वतःच्या पेढीच्या नावाने नोंदवावा, मग टपाल कोणाच्याही यंत्रावर येवो. नोव्हेंबर १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांना इंटरनेट सेवेची मुभा मिळाल्यावर असे करणे सोपे झाले. ‘.इन’ या नावांची नोंदणी २००५ पर्यंत एनसीएसटीकडे व ते २००३ मध्ये ज्यात विलीन झाले त्या सीडॅककडे होती. त्यानंतर ती खुली झाल्यावर नाव घेणे स्वस्तही झाले.

कार्यालयाने स्वतःचा सर्व्हर ठेवण्यामागे प्रारंभी टेलिफोनचे बिल हे कारण होते. दहा माणसांनी दहा वेळा मोडेमवरून जोडणी करण्यापेक्षा एका यंत्राने दिवसातून चार वेळा जोडणी करून सर्वांची टपाल एकदम आणावी व कार्यालयात वाटावी, हे परवडे. जोडणी झाल्यावर साठलेली टपाल मागून घेण्याची आज्ञा एसएमटीपीत ऑगस्ट १९९६ मध्ये दाखल झाली. असे यंत्र बहुधा हिशेबनिसाच्या टेबलाखाली ठेवलेला साधा संगणक असे. यंत्रमागांच्या परिसरात त्याचे आयुष्य सुखाचे नव्हते. सुतातील सूक्ष्म तंतू हवेत तरंगतात व पंख्याच्या जाळीत साचून यंत्र तापते. विजेची स्थितीही बिकट होती. २६ जानेवारी २००७ रोजी महावितरणने भिवंडीचे वीजवाटप टोरंट पॉवर या कंपनीकडे सोपविले, ते वीजगळती व जळणारी रोहित्रे यांचे प्रमाण असह्य झाल्यामुळेच. अशी संपूर्ण विभागाची फ्रँचाइझी देण्याचा देशातील हा पहिला प्रयोग होय. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिमी. पाऊस नोंदला गेला आणि ठाणे जिल्ह्यातील सखल भागही पाण्याखाली गेले. टेबलाखालचे यंत्र माळ्यावर चढविण्याचे शहाणपण अनेक कार्यालयांना त्या पावसाने शिकविले. यंत्र जुने झाले, तबकडी भरली किंवा सॉफ्टवेअरची मर्यादा आली, ही स्थलांतराची नेहमीची कारणे. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजच्या १९९७ मधील ५.५ या आवृत्तीच्या सामान्य प्रतीत सर्व टपालाचा साठा १६ गिगाबाइटांपलीकडे जाऊ शकत नसे. ती सीमा गाठताच पेटी बंद पडे व त्यानंतर स्थलांतर हा विचाराचा विषय राहत नसे.

स्थलांतराची रीत एसएमटीपीच्या एका मूलतत्त्वावर आधारलेली आहे. ज्या यंत्राने ‘पत्र स्वीकारले’ असे उत्तर दिले, त्याच्यावर त्या पत्राची जबाबदारी येते. तोपर्यंत ती पाठविणाऱ्या यंत्राकडे असते. स्वीकारणारे यंत्र बंद असेल, तर पाठविणाऱ्याने पत्र रांगेत ठेवून पुनःपुन्हा प्रयत्न करावा व निदान चार ते पाच दिवस हार मानू नये, असा दंडक ऑक्टोबर १९८९ मध्ये घालून देण्यात आला. म्हणून सर्व्हर एक रात्र पूर्ण बंद राहिला, तरी पत्र हरवत नाही. ते उशिरा येते, इतकेच. व्यवस्थापकांना बंद यंत्राची भीती वाटते; पण खरा धोका चुकीच्या वेळी चालू असलेल्या यंत्राचा असतो. जुने व नवे अशी दोन्ही यंत्रे एकाच वेळी टपाल स्वीकारू लागली, तर पत्रव्यवहार दोन ठिकाणी विभागला जातो आणि जुन्या यंत्रावर उतरलेले पत्र कोणी वाचतच नाही. त्याहून वाईट म्हणजे नव्या यंत्रावर एखाद्या कर्मचाऱ्याचे खाते उघडावयाचे राहून गेले, तर ते यंत्र ५५० हा कायमचा नकार देते, पाठविणाऱ्याकडे पत्र परत जाते आणि पेढी बंद झाली असावी, असा त्याचा समज होतो. याकरिता अनुभवी चालक स्थलांतराच्या काळात अनोळखी नावांना ४५० हा तात्पुरता नकार देण्याची व्यवस्था करतात. मग पाठविणारे यंत्र काही वेळाने पुन्हा येते व चूक दुरुस्त करण्यास उसंत मिळते.

प्रत्यक्ष क्रम असा असतो. नवे यंत्र जुन्याच्या शेजारी उभे करून त्यावर खाती उघडली जातात. जुना साठा चालू स्थितीतच एकदा उतरवून घेतला जातो. मोठ्या साठ्यास यातच काही दिवस लागतात. डोमेन नाव प्रणालीतील नोंद इतर यंत्रे काही काळ स्मरणात ठेवतात. ही मुदत बहुधा ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस असते. ती दोन दिवस अगोदर ३०० सेकंदांवर आणली जाते. ठरलेल्या रात्री जुन्या यंत्राचे दार बंद करून मधल्या काळात बदललेला तेवढाच भाग पुन्हा उतरविला जातो, एमएक्स नोंद बदलली जाते आणि मग नव्या यंत्राचे दार उघडते. मुदत कमी करण्यास विसरल्यास दुसरा सबंध दिवस जगातील काही यंत्रे जुन्याच दारावर थाप मारीत राहतात.

साठा नेताना तो कोणत्या स्वरूपात आहे, यावर बरेच अवलंबून असते. युनिक्सच्या जुन्या पद्धतीत एका माणसाची सारी पत्रे एकाच फायलीत एकाखाली एक लिहिली जात. उतरविताना त्याच वेळी नवे पत्र आले, तर फायलीचा शेवट तुटतो. डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल या सॉफ्टवेअरसाठी प्रत्येक पत्र स्वतंत्र फायलीत ठेवण्याची पद्धत योजिली. ती स्थलांतरास फारच सोयीची ठरली. पीओपी पद्धतीने टपाल वाचणाऱ्यांचा अनुभव निराळा आहे. त्यांचे संगणक प्रत्येक पत्राची खूण सर्व्हरच्या क्रमांकावरून लक्षात ठेवतात. नव्या सर्व्हरने नवे क्रमांक दिले, की सर्व जुनी पत्रे नवी समजून पुन्हा उतरू लागतात व सकाळी कार्यालय उघडल्यावर प्रत्येकाच्या पुढ्यात हजारो ‘नवी’ पत्रे येऊन पडतात. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड येथे मांडलेल्या आयमॅप पद्धतीत पत्रे सर्व्हरवरच राहतात. तेथे पत्र आल्याची मूळ तारीख नव्या यंत्रावर जपली जाते की उतरविण्याच्या दिवसाचीच तारीख सर्वांवर बसते, हे पाहावे लागते.

ही तारीख गौण वाटली, तरी कायद्याच्या दृष्टीने ती कळीची आहे. टेलिफोनवरील सौद्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये एक निकाल दिला. खामगावच्या पेढीने अहमदाबादच्या व्यापाऱ्यास सरकी पेंड देण्याचे टेलिफोनवर कबूल केले होते. स्वीकृती जेथे ऐकली गेली तेथे, म्हणजे अहमदाबादला करार झाला, असे न्यायालयाने ठरविले. ई-मेलच्या बाबतीत संदिग्धता राहू नये म्हणून माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० याच्या कलम १३ मध्ये नियम घालून दिला आहे. वेगळा करार नसल्यास, प्राप्तकर्त्याने नेमून दिलेल्या संगणकात संदेश शिरताक्षणी तो मिळाला असे समजतात आणि यंत्र कोठेही असले, तरी तो प्राप्तकर्त्याच्या व्यवसायाच्या ठिकाणी मिळाला असे मानतात. भिवंडीच्या पेढीचा सर्व्हर मुंबईत, चेन्नईत किंवा सिंगापुरात नेला, तरी कायद्याच्या लेखी पत्र भिवंडीतच पोहोचते. वेळ मात्र यंत्रात शिरण्याची. पाठविणाऱ्याच्या रांगेत रात्रभर थांबलेले पत्र त्या रात्री मिळाले, असे म्हणता येत नाही. भावाची मुदत सायंकाळी सहा वाजता संपत असेल, तर स्थलांतराची रात्र कोणती निवडावी, हे संगणक चालकापेक्षा पेढीच्या मालकाने ठरविणे इष्ट होय.

जुना साठा टाकून देण्याचीही मोकळीक नाही. त्याच अधिनियमाच्या कलम ७ नुसार जपून ठेवावयाच्या नोंदी पुढे वाचता येतील अशा असाव्यात, त्यांचे स्वरूप अचूक राहावे आणि त्यांचा उगम, गंतव्य, प्रेषणाची व प्राप्तीची तारीख व वेळ ओळखता यावी. वस्तू व सेवा कराच्या हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. पुराव्याचा प्रश्न याहून अवघड आहे. जालना येथील विधानसभा निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किशनराव गोरंट्याल या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला. मूळ यंत्रच न्यायालयापुढे आणले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे त्यात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही तरतूद पुढे चालू असून प्रमाणपत्रात नोंदीचे हॅश मूल्यही द्यावे लागते. हॅश मूल्य म्हणजे फायलीतील एक अक्षर बदलले तरी पालटणारी संख्या. स्थलांतराच्या आधी व नंतर ही मूल्ये काढून ठेवली नसतील आणि जुने यंत्र भंगारात गेले असेल, तर हे पत्र तेच होय, असे शपथेवर सांगणारा माणूस शोधणे कठीण होते. बुडालेल्या बिलाच्या वसुलीचा दावा करताना पेढीला याची किंमत कळते.

२००६ नंतर गूगल व २०११ नंतर मायक्रोसॉफ्ट यांनी कार्यालयांच्या स्वतःच्या नावाने ई-मेल सेवा भाड्याने देण्यास आरंभ केला व लहान पेढ्यांच्या टेबलाखालची यंत्रे हळूहळू नाहीशी झाली. निरुपयोगी टपालाचा उपद्रव हेही त्याचे एक कारण होय. नव्या यंत्राचा अंकीय पत्ता अनोळखी असल्यास मोठ्या सेवा त्याच्याकडून आलेली टपाल संशयाने पाहतात. पाठविणाऱ्याची ओळख पटविणाऱ्या एसपीएफ (२००६), डीकेआयएम (२००७) व डीमार्क (२०१५) या नोंदी स्थलांतराच्या वेळी बदलल्या नाहीत, तर टपाल येते, पण गेलेली टपाल पोहोचत नाही. स्वतःचा सर्व्हर चालविणे यामुळे लहान कार्यालयांच्या आवाक्याबाहेर गेले.

शासकीय टपालाचा प्रवासही याच दिशेने झाला. राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राने (एनआयसी) दीर्घकाळ केंद्र शासनाची ई-मेल सेवा स्वतःच्या यंत्रणेवर चालविली. शासकीय कामासाठी तीच सेवा वापरावी, असे २०१५ मध्ये अधिसूचित झालेल्या धोरणात म्हटले होते. पुढे २०२३ मध्ये ही सेवा चालविण्याचे कंत्राट झोहो या तमिळनाडूतील कंपनीस देण्यात आले व २०२५ पर्यंत केंद्र शासनाच्या सु. १२ लाख कर्मचाऱ्यांच्या टपालपेट्या नव्या यंत्रणेवर नेण्यात आल्या. पत्त्यांतील ‘एनआयसी.इन’ व ‘जीओव्ही.इन’ ही नावे मात्र तीच ठेवण्यात आली.